झोपेत पळणारा फौजदार

बाबा,
मी ड्यूटीवर निघाले. दुपारी प्राण्यांच्या आश्रमातल्या बाई येतील. हा टेरिअर कुत्रा ठेवायचा की परत द्यायचा, ते तुम्हीच सांगा. "मूठभर जीव आणि फौजदाराचा आवाज" ही तुमची तक्रार मला पाठ आहे. त्याला बिस्किट मोडून कोण देतं, तेही ठाऊक आहे.

सकाळी चहा आणला, तर तुम्ही खुर्चीत पेंगत होतात. पायाशी उन्हात तो झोपेतच कुठेतरी पळत होता. आणि तुम्ही मिटल्या डोळ्यांनी म्हणालात, "हळू रे, मीपण येतोय."

आई गेल्यापासून तुम्ही उंबरा ओलांडला नाहीत, म्हणून उठवलं नाही.

चहा झाकलाय. पट्टा दारामागे आहे. त्याला बाईंना परत द्यायचं नसेल, तर तुमच्या चपला पुसून ठेवल्यात.

— सूनबाई