आसरांचा नारळ

॥ श्री ॥
मु. शेणवा, ता. शहापूर
१२ नोव्हेंबर १९६१

चिरंजीव कमळाकर भावजींस सकुवहिनीचा आशीर्वाद. इकडे आमी सगळी बरी आहोत, तुमची आणि आईंची खुशाली कळवत जा. हे आपलं रीतीला धरून लिहिलं हो. दोन वर्षं एक कार्ड टाकलं नाय तुमी, आता खुशाली काय कळवणार!

पत्र भाऊबीजेच्या दिवशी मिळालं. राही सासरहून आलीय, ती म्हणाली, "आये, वाचून दाखवू?" मी म्हटलं, मुरबाडच्या शाळेत चौथी पास झालेली बाई आहे मी, माझं पत्र मी वाचीन. पडवीत बसून वाचलं. मग चुलीवर दूध उतू गेलं तरी उठले नाय.

नवी नाव बांधलीत हे वाचून फार बरं वाटलं. पण बांधून तशीच गॅलरीत टांगून ठेवलीत, अजून पाणी लागू दिलं नाय, हे काय? कापडाची नाव ती, तिला काय उंदरांसाठी बांधलीत? आणि वर विचारता की, "क्लबातली चार मंडळी आहेत, मुंबईहून सकाळी निघून रात्री परत येता येईल अशा नाव चालवायच्या जागा कळवा." बरं. विचारलंत तर सांगते.

तानशाच्या तलावाचं नाव काढू नका. पाणी दिसायला सोन्यासारखं, पण तिथं पहारा आहे. मुंबईची माणसं पितात ते पाणी, त्यात मुंबईच्याच माणसाने पाय बुडवायचे नाय, असा कायदा. काठावर बसून भाकरी खा आणि परत जा.

भातसा चांगली, शहापूरपासून लांब पण नाय. मात्र दिवाळी झाली की पाणी उतरतं आणि खडक दात काढून बसतात. तुमच्या कापडाची पार चाळण होईल. यायचं तर गणपती झाल्यावर, पाणी निवळलं की.

तिसरी आमची काळू नदी, माझ्या माहेरची. मुरबाडकडून या. पात्र रुंद, पाणी संथ, म्हशी डुंबतात तशी माणसं पण डुंबतात. काठाला करवंदीची जाळी आहे, धोतर-पँट जपा. माझा भाऊ अनंता तिथंच राहतो. माझं नाव सांगा, भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी मिळेल. चार मंडळी म्हणता, तर आधी कळवा, नाय तर माझी भावजय कपाळाला हात लावील. वसईची खाडी तुमची तुमाला ठाऊक.

झाल्या जागा.

आता मला एक सांगा भावजी. पाच-सहा वर्षं तुमी आसनगावला उतरून, यष्टीच्या टपावर ती घडीची नाव टाकून आमच्याकडं येत होतात. या तालुक्यातलं ढोपरभर पाणीसुद्धा तुमी सोडलं नाय. कुठं खडक, कुठं भोवरा, सगळं तुमाला तोंडपाठ. आणि जन्मात नावेत न बसलेल्या बाईला तुमी जागा विचारता? मी पत्र पुन्हा वाचलं तेव्हा ध्यानात आलं. तुमाला जागा विचारायच्या नव्हत्या. आमच्या घरामागच्या डोहाचं तुमी विचारलं नाय, आणि वर मी पण मुद्दाम लिहिलं नाय. दोघांनी मिळून त्याला वळसा घातला.

तर आता लिहितेच.

तुमी पहिल्यांदा आलात तेव्हा राहीचे बापू काठावर उभे राहून नाव बघून म्हणाले होते, "अरं, ही नाव हाय का भाताचं सूप?" तुमी म्हणालात, "देवरामदादा, बसून तर बघा." बसले. आमच्याकडची डोणी म्हंजे आंब्याचं कोरलेलं खोड, तीत माणूस उभाच राहतो आणि बांबूने रेटतो. बसून पाण्यावर जायचं हे त्यांना नवीनच. तुमी दोन तोंडांचं वल्हं मारलंत, नाव सरकली, आणि हे जे हसायला लागले! पार पलीकडच्या काठापर्यंत हसत गेले. लग्नात पण मी त्यांना इतकं हसताना बघितलं नव्हतं. जन्मभर पाण्यात उतरले ते लावणीला, नाय तर म्हशी धुवायला. मजेसाठी पाण्यात जायचं असतं हे त्यांना तुमी शिकवलंत. मग दर भाद्रपदात विचारायचे, "गो, कमळाकराचं काय पत्र?" हे उपकार मी विसरले नाय. आधी हे लिहायचं होतं, म्हणून आधी लिहिलं.

आता ते दुसरं.

झोडणी झाली की नव्या भाताची ओंजळ आणि नारळ डोहाच्या मधोमध पाण्यातल्या देवींना, साती आसरांना, द्यायचा, हा आमच्या घराचा मान. त्या वर्षी पुरात डोणी गेली होती. हे म्हणाले, "कमळाकराच्या नावंतून जातो." तुमी त्यांना बजावलंत, "दादा, मधे उभं राहायचं नाय हां." मी काठावर होते, माझ्या कानांनी ऐकलंय. डोहाच्या मधे गेल्यावर ते म्हणाले, "देवीला कोण बसून देतो रं?" आणि उठले. तुमी त्यांचं धोतर धरायला हात घातलात, तो पण मी बघितला. नाव उलटली, त्यांचं डोकं खडकाला लागलं. पोहण्यात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता, पण शुद्ध गेल्यावर पोहणं काय करणार.

यात तुमची चूक कुठं आली ते मला दाखवा. माणूस देवीसमोर उभा राहिला. जन्मभर तेच केलं होतं त्यांनी. तुमची नाव आमची रीत ओळखत नव्हती, आमची रीत तुमच्या नावेला ओळखत नव्हती. एवढंच झालं.

आणि पुढचं तुमाला कोणी सांगितलंच नाय. आसरांनी ज्याला नेला त्याला काढायला आमच्यात कोणी उतरत नाय. त्या परत देतील तेव्हा घ्यायचा. सारं गाव काठावर हात जोडून उभं होतं, त्यांचा सख्खा भाऊ गणू पण. तुमाला हे ठाऊक नव्हतं. तुमी बुड्या मारत राहिलात, तोंडातून रक्त आलं तरी. दिवस बुडायच्या आत त्यांना खांद्यावर घालून माझ्यापुढं आणलंत. भावजी, मला त्यांचं तोंड बघायला मिळालं. त्यांच्या तोंडात पाणी घालता आलं, तुळस ठेवता आली. आमच्या वाडीतल्या जनाचा नवरा असाच गेला, तिला तिसऱ्या दिवशी काय मिळालं ते लिहवत नाय. ती अजून म्हणते, "सकू, तू नशिबाची गो." मी नशिबाची ती तुमच्यामुळं.

सरणाशी गणू ओरडला, "मुंबईवाल्यानं मारला माझ्या भावाला." ते ऐकून तुमी पाण्याचा घोट न घेता गेलात. मी तेव्हा बायांच्या गराड्यात होते, बाराव्यापर्यंत मला उंबरा ओलांडू दिला नाय, नाय तर तिथंच त्याचं तोंड बंद केलं असतं. नंतर केलं. मी म्हटलं, "तू काठावर उभा होतास रे, तो पाण्यात होता." बिचारा वाईट नाय, भावावर जीव होता. आता नवी डोणी कोरतोय. दोन वर्षं कोरतोय, अजून कोरतोच आहे. ती पुरी झाली तर डोहावर जावं लागेल ना.

म्हणून दोन वर्षं आसरांना नारळ गेला नाय. गावात कोणी बोलत नाय, पण डोहाकडं कोणी बघत पण नाय. बाया धुणं घेऊन लांबच्या ओढ्यावर जातात. मला हे बरं वाटत नाय. ज्या पाण्यावर ते एवढे हसले, ते पाणी असं वाळीत टाकायचं? आणि तुमी तिकडं नाव टांगून बसलात. नाव टांगून ठेवून त्यांना बरं वाटेल असं वाटतं का तुमाला? दर भाद्रपदात वाट बघणारा माणूस तो!

तुमचं जुनं वल्हं इथं आहे. रागावू नका, मी ते भात वाळवायला घेतलं. पायाने पसरण्यापरीस फार सोयीचं, दोन तोंडं असल्याने जाताना आणि येताना दोन्हीकडं काम होतं. राही हसते मला.

तर माझं ऐका. क्लबातली मंडळी काळूवर पाठवा, अनंता बघून घेईल. तुमी एकटे इकडं या, झोडणी झाली की, पौषाच्या आत कुठल्याही रविवारी. ही नाव पण दोन माणसांची केलीत असं लिहिलंत, ते मी दोनदा वाचलं. पुढच्या जागेवर मी बसणार. लोक म्हणतील, विधवा बाई नारळ देते. म्हणू देत. घराचा मान माझाच आहे आता.

आणि घाबरू नका, मी उठणार नाय. बसून देईन. आसरा पण बायाच आहेत, बाईचे गुडघे दुखतात हे त्यांना सांगावं लागत नाय.

आधी पिकलेल्या नव्या भाताची ओंजळ बाजूला काढलीय, शेंडीचा नारळ पण घेऊन ठेवलाय. वल्हं मुंबईहून आणू नका, इथलं मी भुसा काढून धुऊन ठेवते.

आईंना नमस्कार.

तुमच्या नावेत बसायला तयार असलेली,
तुमची सकुवहिनी