लॉरीचं चार चाकांचं खूळ

९ ऑक्टोबर १९६१

सरळ जाते, पण वळायचं म्हटलं की कण्हते! आज यांनी अर्कावती नदीच्या पात्रातून वाळू आणली. लॉरी चिखलात रुतली म्हणून पुढच्या चाकांनाही जोर देणारा तो दांडा ओढला — मिलिटरीच्या लिलावातली गाडी, चारी चाकांनी ओढते. निघाली झकास वर. पण डांबरी रस्त्याला लागल्यावर दांडा परत जाईना! आमच्या चामराजपेटेतल्या वळणावर टायर असे किंचाळले, की समोरच्या शारदाबाई फोडणी करपत ठेवून बाहेर आल्या. हे घामाघूम. मला मेलीला हसू आवरेना.

१० ऑक्टोबर

दांड्याला तेल पाजलं. हातोडीनं ठोकलं. शिव्या घातल्या, कानडीत आणि मराठीत. ढिम्म!

१२ ऑक्टोबर

भावजी आले. यांचे थोरले भाऊ, गुंडूराव; पेठेतलं कापडाचं दुकान त्यांचं. कॉफी पिता पिता म्हणाले, "हणमंता, खेळ पुरे झाला. दसऱ्याला यशवंतपूरचा लाकूडवाला येतोय. मोडीत का होईना, लॉरी घेतो म्हणालाय. तू ये परत दुकानात." यांनी नुसती मान डोलावली. थोरल्या भावापुढे यांची जीभ टाळूला चिकटते!

दुकानात होते तेव्हा हे जेवताना एक अक्षर बोलायचे नाहीत. लॉरी आल्यापासून न्हाणीघरात गातात. बेसूर गातात, पण गातात! ते गाणं मला बंद होऊ द्यायचं नाही. लॉरी जाता कामा नये. बस्स.

१४ ऑक्टोबर

कलासीपाळ्याहून मेकॅनिक आला. गिअरचं खोकं उघडून, आत बॅटरी मारून पाहिलं. "आत काही मोडलेलं नाही, अक्का." मग काय, आमचं नशीब मोडलंय?

१८ ऑक्टोबर, आयुधपूजा

बायका माझे गोंबे पाहायला आल्या आणि लॉरीच पाहून गेल्या. पायऱ्यांवर बाहुल्या मांडता मांडता माझी कंबर मोडली, त्याचं कुणाला काही नाही! पण लॉरी दिसत होतीच तशी. केळीचे खुंट, शेवंतीच्या माळा, चारी चाकांखाली लिंबं.

प्रसादाला माझा मावसभाऊ उमाकांत आला. पुण्याचा, जालहळ्ळीच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. शिरा खाऊन लॉरीभोवती एक फेरी मारली आणि थबकला.

"वेणूताई, पुढे नवे टायर आणि मागे झिजलेले? ही कुणाची आयडिया?"

माझी! घट बसायच्या आत यांनी दोनच नवे आणले होते. पूजा पुढून होते, हळदकुंकू पुढे लागतं. मग नवे काय पाठीमागे लावायचे?

उमाकांत पोट धरून हसला. म्हणे, नवा टायर मोठा, झिजलेला लहान. दोघांची चाल जुळत नाही. चारी चाकं एकत्र जोडली की पुढची आणि मागची ओढाताण करतात, मधल्या लोखंडाला पीळ बसतो आणि त्या पिळात दांडा अडकतो. "थोडी रिव्हर्स घ्या, पीळ सुटेल."

रिव्हर्स! पूजा झालेली गाडी, लिंबांवरून पुढे जायच्या आधी मागे? मी पदर खोचून लॉरीच्या मागे उभी राहिले. "आधी माझ्यावरून न्या!"

हे म्हणाले, "स्वल्पच गं."

स्वल्पसुद्धा नाही!

उमाकांतनं कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "बरं, मागे नको. पाय तर उचलता येईल ना हिचा?" पुढच्या चाकाला जॅक लावला. चाक जमिनीवरून सुटलं मात्र — धाड्! आपोआप गर्रकन फिरलं. मी केवढ्यांदा ओरडले! यांनी दांड्याला दोन बोटं लावली, आणि आला की परत! लिंबू जागच्या जागी. मग पुढे-मागे एकेक नवा, एकेक झिजलेला, अशा सारख्या जोड्या चढवल्या. उमाकांतला मी आणखी शिरा वाढला; नको नको म्हणत खाल्लान.

१९ ऑक्टोबर, दसरा

सकाळी लिंबं चिरडून लॉरी पुढे! मला शेजारी बसवून यांनी बसवनगुडीपर्यंत फेरी मारली. मिळेल ते वळण मुद्दाम घेतलं. एकदाही कण्हली नाही. हे गात होते. मीही गायले, कोण ऐकतंय!

परत येतो तर दारात भावजी, आणि सोबत तो लाकूडवाला. लॉरी कशी वळली ते पाहून त्याचे डोळेच चमकले. मोडीत घ्यायला आलेला माणूस, धडधाकट गाडी कशाला सोडतोय? आम्हीच दुरुस्त करून त्याच्या घशात घातली म्हणायची!

"मी शब्द दिलाय," भावजी म्हणाले. "हणमंता, किल्ली दे."

हे खाली उतरले. खिशात हात घातला. किल्ली बाहेर आलेली मला वरून दिसली. आता डोकं इतकं तापलंय की लिहवत नाही.

२० ऑक्टोबर

मी उतरलेच नाही! लग्न झाल्यापासून भावजींपुढे तोंड उघडलं नव्हतं, काल वरूनच म्हटलं, "विका! पण माझ्यासकट विका!" लाकूडवाला नमस्कार करून चालू लागला. भावजी लालबुंद, यांच्याकडे वळले, "उतरव तिला!"

हे म्हणाले, "नाही, अण्णा."