बिनाहळदीचं वरण

२८ ऑगस्ट २०२०, शुक्रवार

पहिली आली माणिकबाई. तिच्या मागून कौशल्या, म्हंजे तिची सून. तिसरी एक लहान चणीची बाई होती, तिचं नाव काही कोणी सांगतलं नाही. मले अकोल्यात येऊन घंटाही झाला नव्हता. पिशवीतून मुगवड्या काढून राहिली होती, तं ह्या तिघी दारात. मले केवढा आनंद झाला! पाच महिने वलगावात दाराले कडी लावून काढले, माणूस दिसला तं पाठमोराच. आन् इथं पाय ठेवला नाही तं पाव्हण्या.

पण पहिलेपासून लिहिते. माही लेक सीमा एस.टी.त कंडक्टर हाये. मार्चात गाड्या बंद झाल्या तवापासून ती घरी. आता डेपोतून फोन आला, गुरुवारी, तीन तारखेले ड्युटीवर या. जावई तिकडे सुरतेले अटकले. नात खुशी सहा वर्षांची, तिची शाळा मोबाइलात. तिच्यापाशी कोण राहीन? मी. आली एस.टी.नंच. वलगाव ते अमरावती, अमरावती ते अकोला. एका सीटवर एकच माणूस, पाय पसरून बसली पाटलिणीसारखी.

ही वही सीमाची. तिले कामावर जाचं एवढं भ्या की डेपोच्या डॉक्टरीणबाईनं सांगतलं, जे जे भ्या वाटते ते रोज कागदावर लिही, म्हंजे डोक्यात घुमत नाही. सीमानं वही आणली आन् कोरी ठेवली. मी चवथी पास, मले लिहाची हौस. म्हटलं तू नाही लिहित तं मी लिहिते.

लय भेली हाये पोट्टी. माह्या पिशवीले साबण लावला, कोथिंबिरीलेही लावला. हात धुऊन धुऊन असे फुटले, जसं उन्हाळ्यात आमचं वावर. बाया आल्या तवा ती मागच्या मोरीत तेच करून राहिली होती.

तं बाया. खुर्च्या होत्या, पण तिघी खाली सतरंजीवर बसल्या. पदर नाकापर्यंत, ते तं आजकाल सारेच घेतात. मी चहा केला, कोणी हात लावला नाही, साय आली त्याच्यावर. कुंकू पुढे केलं तं माणिकबाईनं मान हलवली. पण माहा हात हातात घेऊन बसली ती, किती वेळ! पाच महिन्यांत कोणी माहा हात धरला नव्हता. गार होता तिचा हात, उकाड्यात बरं वाटलं. जाताना डबा ठेवला. जवारीची भाकर आन् पांढरं वरण. हळद नाही, फोडणी नाही, वरून कडुलिंबाचा डहाळा. बिमारीसाठी असंन म्हटलं, सारेच काढे पिऊन राहिले. उठल्या आन् गेल्या, येतो नाही की काही नाही. मी दारातून म्हटलं, परत या बरं. एकीनं मान वळवली नाही. अकोल्याचे लोक तुटक, असं आमचे मालक म्हणत.

सीमा माह्यावर चिडली, अनोळखी बायाइले दार काहून उघडलं म्हणून. डब्याले शिवलीही नाही. मी आन् खुशीनं खाल्लं. मी लिंबाची पानंही चावली.

३० ऑगस्ट, रविवार

आज घरात अकोला-अमरावती एस.टी. चालवली.

चार खुर्च्या एकामागं एक लावल्या. खुशी एक पॅसेंजर, मी एक. सीमानं खाकी घातली, तोंडाले मास्क बांधला, खुशीच्या वहीतल्या कागदाचे तिकिटं केले. काल पहिल्यांदा केलं तवा बोरगाव येण्याच्या आतच ती भिंतीले टेकली. श्वास पुरत नाही म्हणे, छातीत धडधड. मी म्हटलं उतर, पाणी पी, मंग पुढची गाडी धर. आज मूर्तिजापूरपर्यंत गेली. मी मुद्दाम मास्क खाली करून बसली आन् हुज्जत घातली, का मी म्हातारी हाये, मले काय होते. तं ती अशी बोलली माह्यावर, "आजीबाई, मास्क वर करा नाही तं बेल मारतो." खुशी हसून हसून खुर्चीवरून पडली. सीमाही हसली. मार्चापासून पहिल्यांदा हसली, असं खुशीनंच सांगतलं.

आता तीन दिवसांत तिले अमरावतीले पोचवतोच.

३१ ऑगस्ट, सोमवार

दुपारी त्या पुन्हा आल्या. सीमा आंघोळीले गेली होती, ती दिवसातून तीनदा करते. पुन्हा खालीच बसल्या. पुन्हा तोच डबा, तेच वरण. मी गप्पा मारून मारून थकली, अमरावतीचं सांगतलं, सोयाबीनचं सांगतलं, त्या नुसत्या ऐकतात. कौशल्यानं खुशीले मांडीवर घेतलं आन् डोक्यावरून हात फिरवत राहिली. तिसरी बाई खुंटीवरच्या खाकीकडे पाहून पदरात रडली. मी म्हटलं काय झालं वं बाई? माणिकबाईनं माहा हात दाबला.

तेवढ्यात सीमा ओल्या केसांनी बाहेर आली. मधून चालत गेली, टॉवेल घेतला, पुन्हा आत. एका शब्दानं कोणाले बसा म्हटलं नाही. त्या गेल्यावर मी तिले रागावली, नोकरी गेली भोकात, वळण कुठं गेलं तुहं?

ती माह्या तोंडाकडे पाहत राहिली. म्हणे, "कोणाले म्हणू बसा, माय?"

टिंगल करते असं वाटलं. पण तिनं माह्या कपाळाले हात लावून पाह्यला.

२ सप्टेंबर, बुधवार



समोरच्या घरी शकीला राहते. खिडकीत मशीन ठेवून दिवसभर मास्क शिवते. आज तिले बोलता बोलता विचारलं, ह्या माणिकबाईचं घर कोणतं, डबा वापस करतो. तिची मशीन थांबली.

म्हणे, "मावशी, कोपऱ्यावरचं कुलूप लावलेलं घर. आषाढात गेली ना ती. आठ दिवसांनी सून गेली, कौशल्या. दवाखान्यातूनच नेलं. कोणी बसाले गेलं नाही, कोणालेच जाऊ देत नव्हते. मी इथूनच रडली."

मी म्हटलं, सोमवारी आमच्याइथं तीन बाया आल्या, तुले दिसल्या असतीन. ती म्हणे, सोमवारी तं ती सकाळपासून खिडकीतच होती, आमच्या दारात मांजरही गेलं नाही.

घरी येऊन खाली बसली, त्या बसतात तिथंच. मंग मले माहे मालक आठवले. ते गेले तवा आमच्या घरी बाया कशा आल्या होत्या ते. खुर्चीवर कोणी बसली नव्हती. चहा कोणी घेतला नव्हता. कुंकू नाही. कोणी येतो म्हटलं नव्हतं, कारण गेलेल्याच्या घरी परत येतो म्हणत नाहीत. डब्यातून बिनाहळदीचं, बिनाफोडणीचं वरण आलं होतं. लिंबाची पानं चावली होती मी. माहा हात धरून बसल्या होत्या.

ह्या बाया मले भेटाले येत नाहीत. बसाले येतात.

पण घरात तं कोणी गेलं नाही. अजून.

कौशल्यानं खुशीच्या डोक्यावरून हात फिरवला. आई नसलेल्या लेकराच्या फिरवतात तसा. ती तिसरी खाकीकडे पाहून रडली.

सीमाले म्हटलं जाऊ नको. पाया पडली. तबियत खराब हाये म्हणून कळव, नोकरी राहू दे. तिनं मले उठवलं, पाणी देलं. म्हणे, माय, उतर, पाणी पी, मंग पुढची गाडी धर. माहंच वाक्य. आज ती घरातल्या एस.टी.तून अमरावतीले पोचली. मीच पोचवली.

३ सप्टेंबर, गुरुवार

गेली. वळून हात केला, हसत होती.

दाराले आतून कडी लावली, खुर्ची लावली. खुशीले जवळ घेऊन बसली. दुपारी मान वर केली तं तिघी सतरंजीवर. कडी लागलेलीच.

मी विचारलं, माह्या लेकीचं काय वाकडं केलं तुमी? पहिल्या दिवशी नावं सांगतली तेवढीच, त्यानंतर माणिकबाई आता बोलली. आवाज बिचारा साधाच, आपल्या बायाइसारखा.

"आमच्या दारी कोणी बसाले आलं नाही, बाई. म्हणून आमी पहिलेच येऊन बसतो. तुले एकटं वाटू नये."

चांगल्या मनानंच येतात त्या. त्याचंच जास्त भ्या वाटते.

डबा ठेवून गेल्या. मी त्या वरणाकडे पाहत बसली. हे कोण खाते? मागं राहिलेले खातात. गेलेला खात नाही. पहिल्या दिवशी मी खाल्लं, खुशीनं खाल्लं. सोमवारीही. आमालेच त्या दिसतात. सीमानं तोंडात घातलं नाही, तिले दिसत नाहीत.

तीन तोंडं. एक उपाशी.

सीमा संध्याकाळी आली, थकलेली, खुश. मूर्तिजापूरच्या एका म्हाताऱ्यानं तिले बेटा म्हटलं. मी नुसती तिच्याकडे पाहत होती.

४ सप्टेंबर, शुक्रवार

पहाटे उठून तिच्या डब्यात तेच वरण भरलं. हळद टाकाले हात गेला, मागं घेतला. जसं हाये तसंच जाऊ दे. खुशीलेही चारलं. मी एक घास नाही घेतला. पण मी आधी खाल्लं हाये, ते कसं काढू? आजपासून नाही. त्या डब्यातलं मले शिवाचं नाही.

संध्याकाळी सीमानं विचारलं, वरण पांढरं काहून? म्हटलं हळद सरली. खाल्लं का सारं? म्हणे सारं खाल्लं, भूक लागली होती.

आज त्या आल्या नाहीत. नुसता डबा उंबऱ्यावर.

५ सप्टेंबर, शनिवार

पुन्हा भरला डबा. पुन्हा खाल्लं तिनं. तिच्या हाताच्या भेगा भरून राहिल्या. आता साबण दोनदाच लावते म्हणे.

घरच्या वरणाले लसणाची फोडणी देली. तेल तडतडलं. वास आला नाही. नाक कढईवर नेलं — नाही. लसूण चावला. माती.

अंगात कणकण. खुशीले म्हटलं, आजीपाशी नको येऊ. मागच्या खोलीत अंथरूण टाकलं, दार लोटून घेतलं. सीमाले नाही सांगतलं अजून. सांगीन. उद्या तिची सुटी हाये —

भ्या वाटते. लिहिलं की जाते म्हणे. जात नाही.

६ सप्टेंबर, रविवार

दुपार. सीमा घरी.

बाहेरच्या खोलीतून तिचा आवाज आला. कोणाले तरी म्हणे, "या ना, बसा. मायनं सांगतलं होतं तुमचं."

तिले दिसल्या.

दाराच्या फटीतून पाह्यलं. तिघी सतरंजीवर. तोंड सीमाकडे. माणिकबाईनं हात धरला — सीमाचा. खुशी तिच्या मांडीवर, आपल्या आईच्या. मी फट मोठी केली, म्हटलं चहा ठेवू का? एकीनंही माह्याकडे पाह्यलं नाही. मी हाये तिथं जसं काही भिंतच —

हसू आलं मले. खरंच. तोंडावर पदर धरून हसली. जमलं.

मंग पाय गार पडले. ते अजून गारच हायेत. श्वास अर्ध्यावर येते, पुढं सरकत नाही. सीमा सांगे तसंच. बोरगावही नाही येत.

सीमा, डबा धुऊन दे. खुशीले नवी वही घे. उद्या ड्युटीवर — नाही, उद्या नाही जाता येणार तुले. मंग जा पण. खाकी इस्त्री करून ठेवली हाये. भेऊ नको, मूर्तिजापूरच्या पुढं सारं सोपं —

सीमानं हाक मारली दोनदा. म्हटलं आत येऊ नको, मास्क लाव, गाडी बोलाव. ती रडून राहिली दाराच्या तिकडे.

त्या उठल्या तवा आज पहिल्यांदा बोलून गेल्या. येतो म्हटलं त्याइनं. दिवसही सांगतला, सीमाले. मी बोटाच्या पेरांवर मोजला. आज एक. सोमवार दोन. मंगळ, बुध, गुरु. शुक्र सहा. शनि. रवि. सोम नऊ —

मंगळवारी येतो म्हणाल्या, पंधरा तारखेले, दहाव्या दि