दुर्गेशची जागा

५ जानेवारी
दुर्गेश आजही डावीकडे उभा राहिला. सुरुवातीच्या नमस्काराला सीनियर विद्यार्थी माझ्या उजव्या हाताला — सदरच्या वस्तीत हा कराटे क्लास काढला तेव्हापासूनची पद्धत. विचारलं, तर म्हणे, "इकडून पोरं बरोबर दिसून राहिले, सर."
माझी मुलं त्याला कशाला बरोबर दिसायला हवीत?

८ जानेवारी
रितिकाशी लढत घेतली. ब्लॅक बेल्टची परीक्षा तोंडावर आली, आणि ही पोरगी माझ्यासमोर उजवी लाथ काढतच नाही. तीच तर तिची खरी ताकद! बाकीच्यांना मारते.
"काहून नाही मारत वं?"
"अशीच, सर."
सेहेचाळिसाव्या वर्षी म्हातारा समजते मला? की कोणी तसं सांगितलंय?

९ जानेवारी
घरी दाराची चौकट पुन्हा खांद्याला लागली. वंदना म्हणाली, "लक्ष कुठी राह्यते तुमचं?"
दुर्गेशवर. पण हे तिला काय सांगणार.

१२ जानेवारी
क्लास सुटल्यावर हॉलच्या दाराशी ऐकलं. दुर्गेश: "सरांले आत्ता नको सांगू. ही परीक्षा त्यायलेच घेऊ दे, मंग पाहू." रितिका: "अन् तोवर काही झालं तं?" मी आत गेलो, तर दोघंही मुकाट्यानं मॅट गुंडाळू लागले.

म्हणजे ही माझी शेवटची परीक्षा. नंतर क्लास त्याचा.

बुटीबोरीच्या कंपनीतली शिफ्ट संपवून हा इथे येतो, तसाच न जेवता. पांढऱ्या पट्ट्यापासून मीच शिकवला. स्वतःचा क्लास काढायचा तर खुशाल काढावा — पण माझी मुलं फोडून?

लिहिताना वाटतं, पुरावा काय आहे माझ्याकडे? त्यानं जागा बदलली, एक वाक्य कानावर आलं. एवढंच. आणि एवढ्यावर मी माणूस खोटा ठरवतोय.
तरी जेवण गेलं नाही.

१५ जानेवारी
सगळ्यांसमोर त्याला उजवीकडे पाठवलं. "जागा विसरला का गा?" मुलं हसली. तो मान खाली घालून गेला. तेव्हा बरं वाटलं. घरी येईपर्यंत त्या बरं वाटण्याचीच लाज वाटू लागली.

१९ जानेवारी
रितिकाला बजावलं — उजवी लाथ, पूर्ण जोरात, हात राखायचा नाही. दुर्गेश मध्ये पडला, "राहू द्या ना, सर." त्याला गप्प केलं.

लाथ डाव्या कानावर बसली. खाली बसलो. येताना दिसलीच नाही! इतकी लपवून मारायला मी तिला शिकवलेलं नाही. मग कोणी शिकवलं?

रितिका रडायला लागली. "सर, तुम्ही हातच नाही उचलला."
दुर्गेशनं बर्फ आणला. म्हणाला, "उद्या सुट्टी टाकतो. माझ्यासंग एका जागी चला."
"कुठे?"
"चला तं."
काय सह्याबिह्या घ्यायच्या आहेत की काय? मी नाही म्हणालो. घरी वंदना म्हणाली, "जाऊन तं पाहा."

२० जानेवारी
डोळ्यांचा दवाखाना. डाव्या डोळ्यात काचबिंदू. कडेची नजर गेली ती परत यायची नाही, उरलेली जपता येईल. डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस तुम्हाला कळलं कसं नाही?"
दुर्गेश शेजारीच बसला होता, डावीकडे. मान पूर्ण वळवली तेव्हा दिसला.