तीन चादरींचा खुलासा

ती. वन्सं यांना तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार.

वि. वि. आम्ही इकडे सगळे धडधाकट आहोत आणि तुम्हीही तशाच असाल असं धरून चालते. गुडघा काय म्हणतो? जिना चढता की अजून खालूनच हाका मारता? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम रोज करता का, हे विचारत नाही, कारण तुम्ही हो म्हणाल आणि मला ते खरं मानावं लागेल. (फोन सोडून पत्र कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल. फोनवर आधी तुम्ही बोलता, मग मी ऐकते, मग दारावर कोणीतरी आलं म्हणून तुम्ही ठेवून देता. शिवाय तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलेल्या बाईला पत्राची किंमत मी काय सांगणार.) पत्र ह्यांच्या हाती पाठवते आहे. आधी ह्यांना चहा द्या आणि मग पाकीट फोडा, कारण वाचायला वेळ लागणार आहे.

पहिल्यांदा आभार. आभार म्हटलं की तुम्ही तोंड वाकडं करता हे मला माहीत आहे, पण आज करून घ्या. तीन वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या जेवणाच्या टेबलावर संध्याकाळच्या कॉलेजचा फॉर्म ठेवलात. नाव, जन्मतारीख, बारावीचे मार्क, सगळं तुमच्या अक्षरात भरून झालं होतं, आणि मग तुम्ही मला विचारलंत, की शिकायचं आहे का. मी म्हणाले, पंचेचाळिसाव्या वर्षी बी.कॉम. होऊन मी काय दिवे लावणार. तुम्ही म्हणालात, इथे सही कर. तेवढ्यात हे पेपर घेऊन खोलीत आले, तर त्यांना म्हणालात, हिचे तास संध्याकाळी असतात, तेव्हा रात्रीची भांडी तुझी. ह्यांना वाटलं आठवडाभराची गोष्ट आहे. आज तीन वर्षं झाली, हे भांडी घासतात. साबण इतका ओततात की सकाळच्या चहाला फेस येतो, पण घासतात. तुमच्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या तोंडून त्यांनी हे ऐकून घेतलं असतं असं मला वाटत नाही.

कॉलेजातला पहिला दिवस मी तुम्हाला कधी सांगितला नाही, कारण तुम्ही तो सगळ्या नात्यात पसरवला असता. मी वर्गात शिरले तशी सगळी मुलं उभी राहिली. मीही गडबडून ‘बसा, बसा’ म्हणाले आणि सरळ टेबलामागे जाऊन उभी राहिले. (हॉस्पिटलातल्या लिनन रूममध्ये, म्हणजे चादरींच्या भांडारात, अठरा वर्षं टेबलाच्या त्याच बाजूला उभी आहे, पाय आपोआप तिकडे वळले.) मग खऱ्या मॅडम आल्या आणि त्यांनी फार अदबीने विचारलं, आपण कोणता विषय शिकवता? तेव्हापासून मी वर्गात ‘काकू’ आहे. माझ्या शेजारी बसते तिला सगळे ‘टॅली’ म्हणतात, कारण तिची बेरीज कधी चुकत नाही. वयाने माझ्या निम्मीसुद्धा नाही, पण माझ्या वहीवर नजर टाकून ती ‘अं हं’ म्हणते तेव्हा मी आधी खोडरबर शोधते. पहिल्या वर्षी माझा ट्रायल बॅलन्स, म्हणजे खात्यांच्या दोन बाजूंची बेरीज, जुळेना म्हणून मी रडकुंडीला आले होते, तेव्हा सस्पेन्स खातं नावाची सोय तिनेच मला समजावून दिली. जे जुळत नाही ते तूर्त त्या खात्यात टाकायचं आणि कारण सापडेपर्यंत पुढे चालायचं. लग्नाआधी हे कोणी शिकवलं असतं, तर ह्यांच्या निम्म्या बोलण्याचा मला त्रास झाला नसता. खरं सांगायचं तर मला हा अभ्यास आवडायला लागला. इतकी वर्षं रजिस्टरं भरताना मी जे अंदाजाने करत होते त्याला नियम आहेत, नाव आहे, आणि ते पुस्तकात छापलेलं आहे, हे बघून मला स्वतःबद्दल बरं वाटलं.

तर यंदा ऑडिटिंग आहे. म्हणजे दुसऱ्याने केलेलं काम खरं आहे का, हे त्याला न दुखवता, पण त्याच्यावर विश्वासही न ठेवता बघायचं. (ह्या विषयात मला उपजत गती आहे, असं तुमच्या भावाचं म्हणणं.) त्यात वीस मार्कांचा एक प्रोजेक्ट असतो. चार-चार जणांनी एखाद्या खऱ्या गोदामात जायचं, माल मोजायचा, रजिस्टरशी ताडून बघायचा आणि अहवाल लिहायचा. अहवालाचा कुठला भाग कोणी लिहायचा, ह्याच्या सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. मला चिठ्ठी आली ती ‘भांडार सांभाळणाऱ्याने दिलेली उत्तरं आणि त्यांवरचं मत’ अशी. आम्हाला एका चपलांच्या गोदामाने हो म्हटलं होतं. पण जोडी एक धरायची की दोन, ह्यावरून त्या मालकाचं आणि टॅलीचं इतकं वाजलं, की त्याने आम्हाला जिन्यावरूनच परत पाठवलं. शेवटची तारीख आठ दिवसांवर. पोरांची उतरलेली तोंडं बघून मला उमाळा आला आणि मी म्हणून बसले, की मग आमच्या हॉस्पिटलात या आणि माझ्या चादरी मोजा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी जाताना अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं, की भांडार सांभाळणारी मीच आणि तिच्या उत्तरांवर मत लिहिणारीही मीच.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले. सर चष्मा काढून हसले, पुसून परत घातला, पुन्हा हसले. मग म्हणाले, ‘‘काकू, चिठ्ठी बदलायची नाही. मोजणीला तुम्ही हात लावू नका. विचारतील त्याची उत्तरं द्या आणि मग त्या उत्तरांवर मत लिहा. दुसऱ्याबद्दल खरं लिहिणारे मी पुष्कळ बघितलेत.’’

मोजणी रविवारी झाली. पुस्तकात लिहिलंय, मोजलेल्या वस्तूवर खडूने खूण करावी म्हणजे ती दोनदा मोजली जात नाही. आमच्या हुशार मंडळींनी खडूचा डबा आणला आणि दीड तास मन लावून खुणा केल्या. दीड तासाने कोणाच्या तरी ध्यानात आलं, की चादरी पांढऱ्या आहेत आणि खडूही पांढरा आहे. मग निळा खडू आणून पहिल्यापासून सुरुवात. (लॉन्ड्रीवाला अजून माझ्याशी बोलत नाही, ती निळाई निघत नाही म्हणतो.) वॉर्डातल्या चादरी पेशंट झोपलेले असतानाच मोजाव्या लागल्या. टॅली एकेकाच्या पायाशी वाकून कोपरा उचलून हॉस्पिटलचा शिक्का बघायची आणि मोठ्याने आकडा म्हणायची. पाच नंबरच्या कॉटवरच्या आजोबांनी तिला विचारलं, मलाही रजिस्टरला चढवलंत का? ती म्हणाली, नाही, फक्त चादर. ते म्हणाले, मग बरं आहे, मला शनिवारी घरी सोडणार आहेत.

रजिस्टरला चादरी चारशे बारा. कपाटातल्या, कॉटांवरच्या, धुवायला गेलेल्या आणि कंडम झालेल्या, म्हणजे फाटून बाद केलेल्या, सगळ्या मिळून भरल्या चारशे नऊ. पुन्हा मोजलं, चारशे नऊ. टॅलीने मोजलं म्हणजे विषयच संपला. मग ती वही उघडून माझ्यासमोर बसली आणि तिने विचारलं, तीन चादरी कुठे आहेत? आदल्या दिवशी माझ्या डब्यातलं खाणारी मुलगी, पण ओळख दाखवली नाही. मी आधी म्हणाले, लॉन्ड्रीत असतील. मग म्हणाले, चुकून कंडममध्ये गेल्या असतील. मग म्हणाले, चादरीच आहेत, चालत कुठे जाणार. हे सगळं तिने उतरवून घेतलं आणि वही माझ्या हातात दिली, कारण पुढचा भाग माझा होता.

वन्सं, मी तासभर पेन धरून बसले. शेवटी लिहिलं, ‘भांडार सांभाळणाऱ्या बाईंनी एकाच प्रश्नाची तीन उत्तरं दिली. उत्तर देताना त्या रजिस्टरकडे न बघता पंख्याकडे बघत होत्या. खुलासा समाधानकारक नाही.’ वर भांडारप्रमुख म्हणून सही केली, खाली तपासनीस म्हणून सही केली. टॅली म्हणाली, सह्या तरी जुळतात. सरांनी वीसपैकी अठरा दिले आणि ते मत वर्गात वाचून दाखवलं. मी इतकी खूश होते, की अहवालाची एक प्रत हॉस्पिटलच्या ऑफिसलाही जाते हे साफ विसरले.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मोठ्या साहेबांनी माझीच वाक्यं उतरवून माझ्यावर मेमो काढला आहे. पंधरा दिवसांत लेखी खुलासा द्यायचा, त्यातले अकरा दिवस गेले. हिशेब खात्यातल्या बाई निवृत्त होताहेत आणि त्या जागेसाठी माझा अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे, हे तुम्हाला माहीत आहे. किंबहुना त्या खुर्चीसाठीच तुम्ही तो फॉर्म भरला होतात. खुलासा पटला नाही तर अर्ज बाजूला ठेवू, असं मेमोत शेवटी लिहिलंय. अठरा वर्षांत माझ्या नावावर एक रेघ नव्हती, आणि पहिली रेघ मीच ओढून घेतली. हे म्हणतात, ह्याला म्हणतात उच्च शिक्षण.

तरीपण लिहिल्याचा पश्चात्ताप होत नाही, हे तुम्हाला सांगायचं होतं. पूर्वीची मी असते तर कंडमच्या पानावर तीन चादरी वाढवून मोकळी झाले असते आणि शांत झोपले असते. आता ते हातून होत नाही. हा बदल माझ्यात तुमच्यामुळे झाला, तुम्ही सही कर म्हणालात म्हणून झाला, आणि ती खुर्ची मिळो न मिळो, त्याबद्दल मी तुमची जन्मभर ऋणी आहे. माझ्या आईनेसुद्धा मला कधी विचारलं नाही, की तुला शिकायचं आहे का. तुम्ही विचारलंत. फॉर्म भरून झाल्यावर विचारलंत, पण विचारलंत.

बाकी सर्व क्षेम. औषधं वेळेवर घ्या, डॉक्टरांशी वाद घालू नका, आणि तुमच्या भावाला जाताना रिकाम्या हाताने सोडू नका (कारण खाली आहे).

तुमची
भावजय

ता. क. : आता खरं काम. मेमो आल्यावर मी मागची सगळी इश्यू रजिस्टरं काढून पान न् पान चाळलं. मागच्या वर्षी तुम्ही गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्या हॉस्पिटलात नऊ दिवस होतात. तुमच्या नावापुढे तीन चादरी दिल्याची नोंद माझ्या अक्षरात आहे. ‘परत’ हा रकाना कोरा आहे. तुम्हाला घरी सोडलं त्या दिवशी सामानाला पिशव्या पुरेनात म्हणून एका चादरीत कपडे बांधले, एकीत भांडी, आणि तिसरी गाडीत तुमच्या पायाखाली घडी करून ठेवली. दोन्ही गाठोडी मी स्वतः बांधली, स्वतः गाडीत ठेवली आणि जपून जा म्हणून हात हलवला.

ता. क. २ : आणि ऐका. मागच्या महिन्यात परीक्षेच्या अभ्यासाला मी तुमच्याकडे आठ दिवस राहिले. मालाची प्रत्यक्ष पडताळणी हा सबंध धडा मी तुमच्या पलंगावर त्यांतल्याच एका चादरीवर बसून पाठ केला. शिक्का गादीखाली खोचलेला होता. मी म्हणालेसुद्धा, वन्सं, कापड छान आहे, कुठून घेतलीत? तुम्ही म्हणालात, तूच तर दिलीस. मला वाटलं, कधीतरी दिली असेल, आणि मनातल्या मनात माझीच पाठ थोपटली. तेव्हा तुमच्याकडे ह्यात कणभरही दोष नाही. पोस्टाचा डिंकसुद्धा घरी न नेणाऱ्या बाईच्या घरात मी हॉस्पिटलच्या चादरी नेऊन ठेवल्या, हे साहेबांना मी खुलाशात जसंच्या तसं लिहिलं आहे. तुमचं नाव घालायचं नव्हतं, पण घातलं.

ता. क. ३ : सर म्हणतात, भांडार सांभाळणाऱ्याच्या बोलण्याला पुरावा धरत नाहीत आणि फोनवरच्या बोलण्यालाही नाही. बाहेरच्या माणसाचा लेखी दुजोरा लागतो. म्हणून सोबत एक कागद जोडला आहे. चादरी किती आणि कुठल्या अवस्थेत, एवढंच तुमच्या अक्षरात भरायचं. एखादी फाटली असेल तर फाटली लिहा, मला सांभाळून घेऊ नका. ‘बाहेरचा माणूस’ ह्या शब्दांपुढे तुमचं नाव लिहिताना मी दोनदा थांबले. कागदापुरतं तेवढं बाहेरच्या व्हा. आणि, वन्सं, ह्या वेळी मी विचारतेय : इथे सही कराल का?

ता. क. ४ : ह्यांच्या हातात खाकी कागदाचं पुडकं आहे ते तुमच्यासाठी. माझ्या पगारातून घेतलेल्या तीन नव्या चादरी आहेत, चारही कोपरे कोरे. जुन्या तिन्ही काढून ह्यांच्याकडे द्या आणि लगेच ह्या घाला, तुमच्या पलंगावर एक दिवसही उघडी गादी नको. तीनच आहेत, तरी मोजून घ्या.