उतारावरचं मायलेज

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी सहा.
आजपासून पालोमाच्या दुरुस्तीचा कारभार पूर्णपणे माझ्या हाती. पालोमा म्हणजे माझी पिकअप. वय एकोणचाळीस, रंग एकेकाळी पांढरा. गॅलनला जेमतेम एकवीस किलोमीटर देते. जूनपर्यंत तीस देत होती. पेट्रोलमध्ये भेसळ, दुसरं काय!
लक्ष्य: चाळीस. मुदत: एक महिना. पद्धत: शास्त्रीय.
विल्फ्रीदो मिस्त्री म्हणाला, अब्दोन, आधी ब्रेक उघडून बघू या. मी नको म्हटलं. मिस्त्री काय नि डॉक्टर काय, पोट उघडायची घाई दोघांनाही. मी त्याला मायलेजचं विचारतोय, हा ब्रेकचं सांगतोय.

४ सप्टेंबर, गुरुवार. संध्याकाळी.
ला माना शहराची फेरी झाली. दर गुरुवारी गावातल्या बायकांच्या मंडळाचं चीज आमच्या सुम्बाहुआहून खाली तिथल्या बाजारात न्यायचं. उंचीत तीन हजार मीटरचा फरक. सोळा वर्षं नेतोय. डोळे मिटूनही नेईन.
पिलालो गावाच्या वरच्या वळणावर पेडल मऊ लागलं. लोण्यात पाय घातल्यासारखं. तीनदा दाबल्यावर धरलं. एर्मेलिंदा शेजारी होती. बायकोची जात, तिला सगळं दिसतं. म्हणाली, तुझा चेहरा पांढराफटक पडलाय. मी म्हटलं, धुकं आहे. ती म्हणाली, धुकं बाहेर आहे.
 

५ सप्टेंबर. दुपारी.
वजन कमी करणे ही मायलेजची पहिली पायरी. काढलं: स्टेपनी, जॅक, पाना-पेटी, मागची फळी, सीटखालचा दगड. दगड एर्मेलिंदाने परत ठेवला. म्हणाली, गाडी थांबवायला चाकाखाली निदान एवढा तरी असू दे. बायकांना शास्त्र कळत नाही.
चाकांत हवा जास्त भरली. टणक चाक कमी घासतं.

११ सप्टेंबर, गुरुवार.
टणक चाक कमी घासतं, पण जास्त उडतं. चीजच्या सात चकत्यांना तडे. मंडळाच्या अध्यक्ष तार्हेलियाबाई मागे बसल्या होत्या. खाली उतरल्यावर कंबर धरून म्हणाल्या, अब्दोन, आम्ही दुधाचं चीज करतो, त्याचं परत ताक करायचं काम तुला दिलेलं नाही.
परतीच्या चढावर पंक्चर. स्टेपनी घरी. चार तास रस्त्याच्या कडेला. समोरच निकानोरचा क्रूस. आमच्याच गावचा ड्रायव्हर; जूनमध्ये त्याची गाडी इथूनच दरीत गेली. कोणीतरी ताजी फुलं ठेवली होती. मी त्या बाजूला पाठ करून बसलो. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून.
मायलेज: एकोणीस. स्टेपनी काढल्यावर कमी कसं झालं? गणितात चूक असेल.

१४ सप्टेंबर, रविवार.
झोपेत ओरडलो म्हणे. काय ओरडलो ते एर्मेलिंदा सांगत नाही. नुसतं जवाच्या पिठाचं पातळ पेय पुढे केलं आणि माझ्याकडे बघत बसली. मग विचारलं, निकानोरच्या मातीपासून तू बरा आहेस ना? मी म्हटलं, मी उत्तम आहे, गाडीचं कार्ब्युरेटर बरं नाही.
संकल्प: झोपण्याआधी चीज खायचं नाही, स्वप्नं पडतात.

१८ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी आठ.
आज गेलो नाही. कारणे: १) वारा. २) कार्ब्युरेटर. ३) डाव्या गुडघ्यात कळ. चौथं कारण लिहायला घेतलं आणि खोडलं.
तार्हेलियाबाई फाटकात आल्या. मी अंथरुणातून हाक दिली की गुडघा. त्या म्हणाल्या, गुडघ्याला आराम दे, आम्ही ओल्मेदोच्या नव्या व्हॅनमधून जातो. पुढच्या गुरुवारीही तुझा गुडघा असाच असला तर कायमचं त्याच्याकडेच. सोळा वर्षं, अब्दोन! दुसरं कोणी असतं तर आम्ही विचारायलासुद्धा आलो नसतो.
व्हॅन गेल्यावर गुडघा दुखायचा थांबला.

२१ सप्टेंबर.
सापडलं! बाजारात एकाने सांगितलं: उतारावर इंजिन बंद करायचं, गिअर काढायचा, गाडी आपोआप घरंगळते. पेट्रोल शून्य. सत्तर किलोमीटरचा उतार, म्हणजे सत्तर किलोमीटर फुकट. चाळीस काय, साठसुद्धा जमेल.
विल्फ्रीदोला सांगितलं. त्याच्या हातातला पाना खाली पडला. म्हणाला, इंजिन बंद केलंस तर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगड होईल रे. माझ्या गाडीची त्याला माझ्यापेक्षा जास्त काळजी.

२६ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी.
काल लिहिता आलं नाही.  आज लिहितो, क्रमाने.
मागे तार्हेलियाबाई, आणखी चार बायका, चीजच्या पेट्या. पुढे मी आणि एर्मेलिंदा. पठार संपलं, उतार लागला. मी गिअर काढला, किल्ली फिरवली. इंजिन गप्प झालं. इतकी शांतता की मागच्या बायकांचं बोलणं ऐकू आलं. एर्मेलिंदा म्हणाली, इंजिनला काय झालं? मी म्हटलं, विज्ञान.
पहिलं वळण: ब्रेक लागला. दुसरं: लागला. तिसऱ्याला पेडल खालून कोणी धरून ठेवल्यासारखं घट्ट. दोन्ही पाय लावले. उठून उभा राहिलो त्याच्यावर. पालोमा ऐकेना. स्टिअरिंगही जड झालं. रस्ता समोरून धावत येत होता आणि उजवीकडे रस्ता नव्हता, नुसतं पांढरं धुकं.
मी काय केलं ते खरं लिहितो. काहीच केलं नाही. तोंडाने "निकानोर, निकानोर" म्हणत होतो, असं नंतर कळलं.
एर्मेलिंदाने हँडब्रेक ओढला. दोन्ही हातांनी, पाय डॅशबोर्डला टेकवून. ओरडली, डावीकडे! डोंगराकडे घे रे माणसा, डोंगराकडे! तिच्या आवाजाने हात हलले. पालोमा डोंगराच्या कडेच्या गटारात शिरली, चिखलात घासत गेली आणि कुशीवर कलून थांबली.
सगळे जिवंत. तार्हेलियाबाईंचं मनगट मुरगळलं. एक पेटी फुटली. चीजची एक चकती रस्त्याने एकटीच खाली गेली, वळणावर वळली नाही. ती जाताना मी पूर्ण बघितली.
 मग तार्हेलियाबाई केसांतला चिखल काढत म्हणाल्या, पेट्रोल वाचलं का?

२९ सप्टेंबर, सोमवार.
विल्फ्रीदोने पालोमाला ट्रॅक्टरने ओढून आणलं आणि ब्रेक उघडले. मी नको म्हणालो नाही.
आतलं लोखंड तापून निळं पडलेलं. ब्रेकची लायनिंग जळून काळीठिक्कर. त्याने मला जवळ बोलावलं, हळू आवाजात विचारलं, अब्दोन, तू गाडी चालवताना पाय ब्रेकवर ठेवून बसतोस का?
कोण, मी?
तो म्हणाला, नुसत्या उताराने असं होत नाही. हे सपाटीलाही दाबलेले आहेत, चढालाही दाबलेले आहेत. गाडी बिचारी चार महिने एकाच वेळी पळतेय आणि थांबतेय. पेट्रोल पिणारच. ब्रेक तापून पेडल मऊ होणारच. गाडीत दुसरं काही खोट नाही. चार महिने म्हणजे कधीपासून, जून ना?
एर्मेलिंदा दारात उभी होती.   विल्फ्रीदो उगाचच हात पुसत राहिला.

६ ऑक्टोबर.
नवी लायनिंग, नवं ऑइल, कार्ब्युरेटर साफ, चाकांत बेताची हवा. पालोमा सपाटीवर लोण्यासारखी चालते. सपाटी मला पूर्ण जमते. गावाच्या चौकाला नऊ फेऱ्या मारल्या. ओल्मेदोने नवव्या फेरीला विचारलं, काही हरवलंय का?

७ ऑक्टोबर. सकाळी.
एर्मेलिंदाला घेऊन उताराच्या तोंडापर्यंत गेलो. पाय आपोआप ब्रेकवर गेला. काढला. परत गेला. हाताने उचलून बाजूला ठेवला. परत गेला. इंजिन तपासायला म्हणून अकरा वेळा खाली उतरलो. बाराव्या वेळी वर चढलो तर ती माझ्या जागेवर बसली होती.
लायसन्स आहे तिच्याकडे. दोन वर्षांपूर्वी लाताकुंगाला भावाकडे राहून काढलं. घरी येऊन दाखवलं तेव्हा मी खूप हसलो होतो. कशाला हवंय म्हणालो होतो.
म्हणाली, उतर म्हणत नाही मी तुला. पलीकडे सरक.
सरकलो.

९ ऑक्टोबर, गुरुवार. संध्याकाळी पाच.
फेरी झाली. एर्मेलिंदाने चालवली. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन चालू, ब्रेक फक्त वळणाआधी.
मी पुढे बसलो होतो, पण पहिल्याच वळणाला पायाखालची पत्र्याची जमीन दाबून दाबून वाकवली. तिसऱ्या वळणाला तिने गाडी थांबवली आणि म्हणाली, अब्दोन, तू मागे बस बाबा, मला रस्ता बघू दे.
मागे चीजच्या पेट्यांवर जागा मिळाली, उलट्या तोंडाची. रस्ता मागे पडल्यावर दिसत होता. असा बरा दिसतो तो.
मायलेज चौतीस. एर्मेलिंदाने मोजलं. दोनदा.
मला भीती वाटते. जूनपासून वाटते. इथे लिहून ठेवतो, कोणी वाचणार नाही.
खरा उतार लागला तशी तार्हेलियाबाईंनी पट्टी बांधलेला हात छातीवर धरला आणि पाचही बायका एका सुरात प्रार्थना म्हणू लागल्या. मी विचारलं, एर्मेलिंदाच्या गाडी चालवण्याची एवढी धास्ती? तार्हेलियाबाई म्हणाल्या, छे, ती छान चालवते. ही तू चालवायचास तेव्हाची सवय. निकानोर गेल्यापासून आम्ही दर गुरुवारी म्हणतो. इंजिनच्या आवाजात तुला ऐकू जायची नाही.
मग सरकून त्यांनी जागा केली. मला शब्द पाठ नव्हते. त्या एकेक ओळ आधी सांगत होत्या.