एकाच खुणेचे दोन चेंडू

प्रिय धाकट्या,

फोनवर तू माझं धड ऐकून घेत नाहीस. मी तुझ्या भावोजींचं नाव काढलं रे काढलं की तुझ्या दाराची बेल वाजते. एवढे पाहुणे तुझ्याकडे येत असते तर तुझं घर एव्हाना हॉटेल झालं असतं. म्हणून शेवटी कागद घेऊन बसले आहे. खाली आपल्या लाँड्रीत मशीन फिरतंय, वर बाबा झोपले आहेत, आणि मधल्या जिन्यावर बसून मी हे लिहिते आहे, कारण या घरात मला बसायला हल्ली मधलीच जागा उरली आहे.

मुद्द्याचं आधीच सांगते, म्हणजे तू पत्र अर्धवट टाकणार नाहीस. बाबांची तब्येत तू दर बुधवारी येऊन बघतोस तेवढी बरी नाही. तू येणार असलास की ते दाढी करून, उशीला टेकून बसतात आणि तू गेलास की संध्याकाळपर्यंत पडून असतात. डॉक्टर आधी पुढच्या वर्षीच्या गोष्टी करायचे, आता या आठवड्याच्या करतात. मी काही लहान नाही, मला कळतं. बाबांच्या डोळ्यांदेखत तुम्ही दोघांनी पुन्हा एकमेकांशी बोलावं, एवढंच मला हवं आहे. आणि तुम्ही दोघं बाप्ये एका गोल्फच्या चेंडूवरून तोंडं फिरवून बसला आहात! लोक जमिनीवरून भांडतात, घरावरून भांडतात. त्यात निदान काही हाती तरी लागतं. तुमच्या भांडणात काय लागणार आहे, तर अंड्याएवढा एक चेंडू, तोही सेलमधला.

त्या दिवशी काय झालं हे मला तीन तोंडांनी कळलं आहे. एक ह्यांचं, एक तुझं, आणि एक क्लबच्या सेक्रेटरींचं. ते क्लबचे धुतलेले टेबलक्लॉथ घ्यायला आले आणि काउंटरवर टेकून हसत हसत सगळं सांगून गेले. वर्षाची शेवटची मॅच, समोरासमोर तुम्ही दोघं, सासऱ्याने शिकवलेला जावई आणि बापाने शिकवलेला मुलगा. सुरुवातीला आपापला चेंडू कुठला ते समोरच्याला सांगायचं असतं, कंपनी, नंबर आणि वर स्वतः काढलेली खूण. गोल्फमध्ये चेंडू सगळे सारखेच दिसतात, म्हणून खूण करायची, हे मला चेंडू मारता येत नसूनही माहीत आहे. तुम्ही कंपनी सांगितलीत, नंबर सांगितलात. दोन्ही सारखेच निघाले, कारण दुकान एक, सेल एक आणि कंजूषपणाही एकच. तेव्हाच दोघांनी चेंडू उलटून एकमेकांना खूण दाखवायची की नाही? तर नाही. तू म्हणालास, माझ्या चेंडूवर खूण आहे, मी ओळखीन. हे म्हणाले, माझ्याही चेंडूवर आहे. आणि दोघांनी चेंडू मुठीत झाकून घेतले, शाळेत उत्तरपत्रिका झाकतात तसे.

मग व्हायचं तेच झालं. शेवटून दुसऱ्या होलला दोघांचेही चेंडू उजवीकडच्या उंच गवतात गेले. दोघं वाकून वाकून शोधत होतात. तू एक चेंडू बघितलास, नियमाप्रमाणे जागेवर लाकडी खुंटी टोचलीस, चेंडू उचलून फिरवलास आणि ओरडलास की हा माझा. हातभर अंतरावर ह्यांनीही खुंटी टोचली होती, चेंडू उचलला होता आणि तेही म्हणत होते की हा माझा. सेक्रेटरींनी दोन्ही चेंडू तळहातावर घेतले. एकच कंपनी, एकच नंबर. दोन्हींवर दोन ठिपके, खाली आडवी रेघ, डावीकडचा ठिपका जरासा मोठा. शाईसुद्धा तीच, आपल्या दुकानातली, न धुतली जाणारी. ती बाटली हल्ली इतकी लवकर का संपते हे कोडं त्या दिवशी मला उलगडलं. एक चोर घरातच होता, दुसरा दर बुधवारी बाबांना भेटायला येत होता.

आपला चेंडू कुठला हे तुम्हा दोघांनाही सांगता येईना. आणि सांगता येत नसेल तर दोन्ही हरवले असं धरायचं, असा नियम आहे म्हणे. डोळ्यांसमोर तळहातावर ठेवलेली वस्तू हरवली असं म्हणणारा खेळ मी दुसरा पाहिला नाही, पण चला, नियम तो नियम. मागे जायचं आणि पुन्हा मारायचं, एवढंच करायचं होतं. दोघांचं नुकसान सारखंच होतं. तुम्ही ते केलं नाहीत. तुम्ही तिथेच गवतात उभं राहून ती खूण कोणाची यावर भांडलात.

धाकट्या, ती खूण कशी आली ते तुला माहीत आहे, तरी पुन्हा सांगते, कारण तू विसरल्यासारखा वागतो आहेस. लोकांच्या कपड्यांत आपले घरचे कपडे मिसळू नयेत म्हणून बाबा आपल्या सगळ्यांच्या कॉलरला आतून ती खूण करायचे. आई म्हणायची की तो बाबांचाच चेहरा आहे, दोन डोळे आणि गिऱ्हाइकाने शर्ट जळल्याची तक्रार केल्यावर होतं तसं तोंड. तुझ्या शाळेच्या गणवेशावर ती होती, माझ्या फ्रॉकवर होती, आईच्या रुमालावर होती. तुला तिची लाज वाटायची. तू दुकान सोडून जमीन मोजायच्या कामाला लागलास तेव्हा नव्या शर्टावर बाबांना खूण करू दिली नाहीस. आता माझ्या अंगावर लाँड्रीचा डाग नको, असं तू त्यांच्या तोंडावर म्हणालास. शाईच्या बाटलीचं टोपण लावून बाबा मशीनकडे गेले. इतक्या वर्षांनी तू चोरून तीच खूण चेंडूवर काढत होतास, हे मला कळलं तेव्हा मला तुझा इतका राग आला की विचारू नकोस. अरे, हे बाबांना एकदा दाखवलं असतंस तर तुझं काय बिघडलं असतं? पण नाही, दाखवायचं म्हणजे आपण तेव्हा चुकलो हे कबूल करायचं, आणि त्यापेक्षा तुला मुठीत चेंडू लपवणं सोपं.

आता ह्यांचं ऐक. हे आपल्याकडे आले ते बॉयलर दुरुस्त करायला. बॉयलर सुधारला आणि हे राहिले, अशी बाबा सगळ्यांना थट्टेत ओळख करून देतात. लग्नानंतर बरेच दिवस ह्यांचे शर्ट खुणेशिवाय धुतले जायचे, गिऱ्हाइकाच्या कपड्यांसारखी चिठ्ठी लावून. मग एकदा शर्ट घालताना ह्यांनी कॉलर उलटली आणि आत ते दोन ठिपके होते. बाबांनी न सांगता, न विचारता काढलेले. हे त्या दिवशी इस्त्रीच्या टेबलाशी इतका वेळ नुसते उभे होते की मला वाटलं काहीतरी जळलं. ह्यांना बाप लहानपणापासून नाही, हे मी तुला नव्याने सांगायला नको. ती खूण चेंडूवर काढली तर तू हसशील, जावई असून घरचा मुलगा बनायला बघतो म्हणशील, या भीतीने ह्यांनी चेंडू झाकला होता. आणि तू नेमकं तेच म्हणालास. ही आमच्या घराची खूण आहे, तुम्ही बाहेरून आलात, असं तू चारचौघांत म्हणालास. त्यावर हे म्हणाले की घर टाकून जो गेला त्याची कसली खूण. दोघांनीही नेम धरून मारलंत. चेंडूला असं मारलं असतंत तर तो गवतात गेलाच नसता.

पण मला खरा वैताग आहे तो पुढचा. बाबांना धक्का नको म्हणून हे भांडण त्यांना सांगायचं नाही, असं दोघांनीही मला वेगवेगळं बजावलंत. एकमेकांशी न बोलता तुमचं एवढं एकमत होतं, याचंच मला नवल वाटतं. मॅच अंधार पडल्याने अर्धवट राहिली, असं हे घरी येताच बाबांना म्हणाले, तेव्हा खिडकीतून ऊन त्यांच्या पांघरुणावर पडलं होतं. बाबांनी उन्हाकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं आणि पाणी मागितलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी हे स्टिकची पिशवी खांद्याला मारून घराबाहेर पडतात, मैदानाच्या कोपऱ्यात जाळीसमोर एकटेच चेंडू मारतात आणि दुपारी येऊन बाबांच्या पलंगाशी बसून तुझ्याशी झालेल्या मॅचची खडानखडा हकिगत सांगतात. संध्याकाळी तुझा फोन येतो. तूही हकिगत सांगतोस. मॅच तीच, जी झालीच नाही, फक्त सगळं वेगळं. ह्यांच्या गोष्टीत तळ्याजवळ वारा असतो, तुझ्या गोष्टीत पानही हलत नाही. ह्यांच्या गोष्टीत तू उशिरा आलास, तुझ्या गोष्टीत ह्यांची गाडी बंद पडली. आणि मधे मी! बाबा, तुम्ही नीट ऐकलं नाही. बाबा, ते मागच्या रविवारचं सांगत होते. बाबा, आज दोन मॅच झाल्या. आयुष्यभर लोकांचे कपडे एकमेकांत मिसळू न देण्याचं काम केलं, आणि आता तुमच्या थापा एकमेकींत मिसळून दाखवायचं काम माझ्याकडे आलं आहे. मागच्या रविवारी तर मी ह्यांच्या गोष्टीतला पराभव तुझ्या गोष्टीशी जुळवता जुळवता इतकी अडखळले की बाबाच म्हणाले, राहू दे गं, दमलीस.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. मला वैताग आला म्हणून नाही, वैताग मला रोजचाच आहे. बाबांनी लिहायला सांगितलं म्हणून लिहिलं. काल दुपारी त्यांना मऊ भात भरवत होते, तर मधेच चमचा बाजूला सारून त्यांनी मला विचारलं की हे दोघं नेमके कशावरून भांडलेत. मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मला रडूच आलं, मग सगळंच सांगितलं, खुणेसकट. बाबा म्हणाले की मला केव्हाच कळलं होतं. मी विचारलं, कसं? तर म्हणाले, जावई दर रविवारी सांगतो की धाकटा जिंकला, आणि धाकटा दर रविवारी सांगतो की भावोजी जिंकले. खरंच खेळत असते तर एक तरी दिवस एक तरी जण स्वतः जिंकल्याचं सांगून गेला असता, इतके काही चांगले नाहीत ते दोघं. हे बोलून ते हसले, धाकट्या, आणि मग डोळे पुसायला त्यांनी माझा पदर ओढला. येत्या रविवारी त्यांना मैदानावर यायचं आहे. डॉक्टरांनी चाकांच्या खुर्चीतून तासभर न्यायला हरकत नाही म्हटलंय, आणि ते ज्या स्वरात म्हणाले त्यावरून हे पुन्हा होणार नाही हे मला कळलं आहे. ह्यांना मी तोंडी सांगितलं. हे टेप घेऊन खाली गेले आणि व्हॅनमध्ये खुर्ची बसते का ते मोजत राहिले. तू सकाळी ये. बाबांची अट एकच आहे. तुम्ही दोघांनी समोरासमोर खेळायचं नाही, एका बाजूने खेळायचं, दोघांत मिळून एकच चेंडू. एकदा तू मारायचा, एकदा ह्यांनी. तो कोणाचा हे कोणी विचारणार नाही. गवतात गेला तर दोघांनी मिळून शोधा, आणि हवा तेवढा वेळ घ्या. बाबांना तेवढंच बघायचं आहे.

तुझीच, आणि नाइलाजाने ह्यांचीही,
ताई